इंजिनाचा धूर : काळा, पांढरा आणि निळा

सौंसरकडील एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. पती निवर्तल्यापासून संत्र्याचा बगीचा त्या स्वतःच पाहतात. मुलगा इंदूरला नोकरीस आहे. विहिरीवर विजेचा पंप आहे, परंतु शेतीच्या लाइनीला वीज केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा भरवसा नाही, म्हणून जुने पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन त्यांनी मोडीत काढलेले नाही. डिसेंबरात झाडे ताणावर सोडली आहेत, संक्रांतीच्या सुमारास ताण तोडावयाचा आहे, आणि इंजिन चालवून पाहावे तो धूर इतका की पलीकडचा धुरा दिसेनासा व्हावा. मिस्त्रीने विहिरीपर्यंत न येताच निकाल दिला, "बोअर गेला बाई, पिस्टन-लायनर नवं टाका लागते." भगिनी विचारतात, हा खर्च करावा की इंजिन भंगारात द्यावे?

पत्र सविस्तर आहे. इंजिन कोणत्या साली घेतले, तेल केव्हा बदलले, डिझेल कोठून आणले, सारे त्यांनी लिहिले आहे. एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे धुराचा रंग. माझ्या मते त्या एका शब्दावर त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर अवलंबून आहे.

सौंसरचा प्रदेश आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. बाहेरच्या लोकांच्या कानावर पांढुर्ण्याचे नाव येते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे. आम्हांला ते संत्र्यांमुळे ठाऊक. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा निराळा पांढुर्णा जिल्हा झाला. नागपूर-छिंदवाडा ही छोटी रेल्वेही २०१५ साली बंद होऊन तिच्या जागी रुंद मार्ग आला. या उलाढालीत घरातली मराठी जशी टिकली तशी बगीच्याची रीतही टिकली. आंबिया बहार घ्यावयाचा तर डिसेंबरात पाणी तोडावे लागते. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, आणि मग योग्य वेळी ओलीत सुरू केले की फूल एकदम फुटते. ही योग्य वेळ साधली नाही तर वर्ष गेले. ताण फार लांबला तर पानगळ होऊन फांद्या वाळतात. पाणी एकदा सुरू करून मध्येच खंडले तर आलेले फूलही गळते. तेव्हा जानेवारीत बंद पडलेले इंजिन आणि ऑगस्टात बंद पडलेले इंजिन यांत महदंतर आहे, आणि भगिनींची तगमग मी पुरती समजू शकतो.

आता इंजिनाच्या पोटात काय चालते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. पिस्टन आधी नुसती हवा आत ओढतो आणि ती सोळा-सतरा पटींनी दाबतो. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की पंप गरम होतो, हे लहानपणी आपण सर्वांनी अनुभवले आहे. इंजिनात हाच दाब इतका की हवा पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा फवारा, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाने, आत मारला जातो आणि आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने ऑग्सबर्ग येथे १८९७ साली असे पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखविले. इंधनातील उष्णतेपैकी २६ टक्के भागाचे त्याने काम करून दिले, जे तत्कालीन वाफेच्या इंजिनांना स्वप्नातही शक्य नव्हते. बिचारा १९१३ साली बोटीने इंग्लंडला जात असता रात्रीतून समुद्रात नाहीसा झाला. आपल्याकडे १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली, आणि पुढील दोन-तीन दशकांत विहिरीविहिरीवरची मोट खुंटीला गेली.

तर ज्वलनासाठी तीन गोष्टी हव्या : पुरेशी हवा, दाबाने आलेली पुरेशी उष्णता, आणि वेळेवर मारलेला बारीक फवारा. तिन्ही ठीक असतील तर तापलेल्या इंजिनाच्या धुरांड्यातून जवळजवळ काहीच दिसत नाही. यांपैकी काय कमी पडले ते धुराचा रंग सांगतो.

काळा धूर म्हणजे काजळी, अर्थात न जळलेला कोळसा. डिझेल पेटले खरे, परंतु त्याला पुरेशी हवा मिळाली नाही. मग एक तर हवा कमी येत असेल, नाहीतर डिझेल जास्त जात असेल, नाहीतर फवाऱ्याच्या ऐवजी धार पडत असेल. बगीच्यातल्या इंजिनात पहिला संशय हवेच्या गाळणीवर, म्हणजे एअर क्लीनरवर, घ्यावा. धूळ, वाळकी पाने, कापसाचे तंतू यांनी ती भरून जाते आणि वर्षानुवर्षे तिला कोणी हात लावीत नाही. परीक्षा सोपी आहे. इंजिन तापल्यावर गाळणी उतरवून मिनिटभर चालू ठेवावे. धूर स्वच्छ झाला तर आजार सापडला. (गाळणीवाचून अधिक वेळ चालवू नये, उघड्या तोंडाजवळ पदर, उपरणे किंवा हात नेऊ नये.) दुसरे तोंड धुरांड्याचे. हंगामभर उभ्या असलेल्या इंजिनाच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. आमच्याकडे एकदा तिने सायलेन्सर इतका लिंपून टाकला होता की सळईने खरवडून अर्धी परात माती निघाली. आतला धूर बाहेर पडेना, तर नवी हवा आत येणार कोठून?

हवेचे दोन्ही मार्ग मोकळे असूनही काळा धूर येत असेल तर बोजा पाहावा. पट्टा उतरवून इंजिन मोकळे चालवावे. धूर थांबला तर इंजिन बहुधा निर्दोष असून पंप त्याच्याकडून शक्तीबाहेर काम घेत आहे. येथे एक गंमत आहे, जी अनेक जुन्या कास्तकारांनाही उलटी वाटते. पाणी उंच चढवावे लागले की इंजिनावर बोजा वाढतो असे आपण धरून चालतो. आपल्या नेहमीच्या पंख्याच्या पंपात, ज्याला केंद्रोत्सारी पंप म्हणतात, घडते ते पुष्कळदा याच्या विरुद्ध. पाणी उंच चढवावयाचे असेल तर ते कमी येते आणि बोजाही कमी पडतो. तेच पाणी जवळच्या सखल वाफ्यात मोकळे सोडले की नळी भरभरून वाहते आणि इंजिन दमते. वरच्या तुकड्याचे ओलीत संपवून पाइप खालच्या तुकड्यात आणला आणि त्याच दिवसापासून धूर सुरू झाला, असे असेल तर मिस्त्रीला बोलाविण्याआधी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून पाहावा.

दुसरा अपराधी गव्हर्नरचा स्क्रू. पाणी कमी पडते म्हणून कोणी तरी तो दोन आटे पिळतो आणि इंजिन जोरात पळू लागते. आता अशा पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. १,५०० फेऱ्यांचे इंजिन १,६५० फेऱ्यांवर नेले, म्हणजे वेग केवळ १० टक्के वाढविला, की शक्ती सुमारे ३३ टक्के अधिक लागते. पाणी मात्र वाढते १० टक्क्यांच्या आसपास. उरलेले डिझेल आकाशात काळे होऊन जाते.

हे सर्व पाहून झाल्यावर नोझल. ते काढून इंजिनाबाहेर त्याच्या नळीला जोडावे आणि हँडल मारून पाहावे. कुंकवाच्या भुकटीसारखा बारीक, कडक आवाजाचा फवारा उडाला तर नोझल चांगले. पिचकारीसारखी धार आली किंवा टोकाशी थेंब लोंबू लागला तर ते दुरुस्तीला द्यावे. मात्र फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. दोनशे पट दाबाने निघालेले डिझेल कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि दुसऱ्या दिवशी बोट काळे पडते. असे झाले तर हळद लावून घरी न बसता तत्काळ शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे.

काळ्या धुराविषयी मी एवढा पाल्हाळ लावला त्याला कारण आहे. १९८४ च्या जानेवारीत आमच्या बगीच्याचा ताण तोडावयाचा होता. इंजिन आठ दिवसांपासून काळे ओकत होते. पाणी वेगाने यावे म्हणून गव्हर्नरचा स्क्रू मीच पिळला होता, आणि गाळणी दिवाळीपासून उघडलेली नव्हती. विहिरीला लागून विटांची, टिनाच्या छपराची इंजिनखोली होती. सायलेन्सरची नळी भिंतीतून बाहेर काढलेली होती, पण जोडावरचे पॅकिंग जळून गेल्यामुळे थोडा धूर खोलीतच फुटे. त्याकडे आम्ही कोणी लक्ष दिले नाही. चार भिंती काळ्या झाल्या, एवढेच. रात्रपाळीला आमचे सालदार होते. मी त्यांना मामा म्हणत असे. पाटाचे पाणी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वळवायचे आणि मधल्या वेळात इंजिनाच्या उबेला बसायचे, असा त्यांचा क्रम.

पहाटे मी गेलो तेव्हा इंजिन चालू होते आणि पाणी आळी फोडून धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याच्या वावरात वाहत होते. खोलीचे दार आतून ओढून घेतलेले. ढकलून पाहिले तो मामा पोत्यांवर आडवे, तोंडाशी वांती झालेली, हाक मारली तर डोळे अर्धवट उघडत आणि पुन्हा मिटत. दोघांनी मिळून त्यांना बाहेर ओढले आणि छकड्यात घालून सौंसरला नेले. डॉक्टरांनी विचारले, "शेकोटी होती काय खोलीत?" आम्ही म्हटले, नाही, इंजिन होते. त्यांनी मान हलविली. मामा वाचले. पंधरा दिवस डोके धरून बसत, आणि पुढे कित्येक महिने त्यांना दिवसवार आठवत नसत. बरे झाल्यावर ते मला एवढेच म्हणाले, "भाऊ, झोप तर अशी गोड लागली होती का, उठाचं मनच नव्हतं."

त्या गोड झोपेचे नाव कार्बन मोनॉक्साइड. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, तो डोळ्यांत झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि तरीही आतून गुदमरत असतो. धडधाकट डिझेल इंजिन हा वायू पेट्रोलच्या किंवा रॉकेलच्या इंजिनापेक्षा पुष्कळ कमी सोडते हे खरे. परंतु ज्याला हवा पुरत नाही आणि बोजा झेपत नाही असे काळा धूर ओकणारे इंजिन तो अधिक सोडते, आणि बंद खोलीत थोडाही पुरेसा होतो. काजळी त्याची सोबतीण आहे. ती दिसते, तो दिसत नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे इंजिनापाशी बसलेल्या माणसाला जाणवू लागली तर ते थंडीचे किंवा जागरणाचे समजू नये, मोकळ्यावर यावे.

खोलीपेक्षाही भयंकर विहीर. पंप पाणी "ओढतो" असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः वातावरणाचा दाब ते वर ढकलतो, आणि त्याची मर्यादा समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर; व्यवहारात सहा-सात मीटरच धरावे. उन्हाळ्यात पाणी याहून खाली गेले की लोक इंजिनच विहिरीत उतरवितात, कपारीत किंवा लोखंडी आडव्यांवर बसवितात. धूर मग विहिरीतच घुटमळतो. इंजिन बंद पडले म्हणून एक जण उतरतो आणि वर येत नाही. त्याला पाहावयास दुसरा उतरतो. मग भाऊ, मग शेजारी. एका विहिरीत एकाच घरातली तीन-चार माणसे अशी गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून आणि मध्य प्रदेशातून अधूनमधून वाचावयास मिळतात, आणि दर वेळी वाटते की निदान दुसरा तरी वाचावयास हवा होता.

आपल्या वाडवडिलांची रीत अशी की विहिरीत उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडावा. विझला तर उतरू नये. ही रीत शहाणपणाची आहे, पण ती मोटेच्या काळातली. जुन्या पडक्या विहिरीत प्राणवायू कमी असेल तर कंदील विझेल. इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाही. माणसाला मारील एवढा वायू असला तरी ज्योत शांतपणे जळत राहते. म्हणून इंजिन विहिरीत चाललेले असेल तर कंदिलाच्या साक्षीवर कोणी उतरू नये. धुरांड्याची नळी विहिरीच्या काठावरून चांगली वर, वाऱ्याच्या दिशेने दूर काढावी. कोणी खाली बेशुद्ध दिसला तर आधी इंजिन बंद करावे, वरून हवा फुंकण्याची सोय करावी, गाव आणि अग्निशमन दल यांना बोलवावे. उतरणे भागच असेल तर ते हवेच्या नळकांड्यासह येणाऱ्या माणसाने, कमरेला दोर बांधून, आणि दोराचे टोक वरच्या दोघा-तिघांच्या हाती देऊन. पाणी उपसण्यासाठी आता पाणबुडी पंप मिळतात, सौरपंपही आहेत. इंजिन विहिरीत उतरविण्याची वेळ शक्य तो येऊच देऊ नये.

असो. पांढऱ्या धुराकडे वळू.

थंडीच्या सकाळी इंजिन सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे पांढरा धूर आला तर घाबरू नये. लिटरभर डिझेल जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनपासून जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. थंड नळीत त्याची वाफ दिसते, थेंबही गळतात. इंजिन तापल्यावरही धूर पांढराच राहिला तर मात्र त्याचा वास घ्यावा, अर्थात लांबून. कच्च्या डिझेलचा उग्र, डोळे झोंबणारा वास असेल तर डिझेल न पेटताच बाहेर पडत आहे : टाकीत पाणी झाले आहे, नोझल बिघडले आहे, फवाऱ्याची वेळ मागे पडली आहे, किंवा दाब अपुरा आहे. महिनोन्महिने उभ्या असलेल्या इंजिनात टाकीच्या तळाचे पाणी हे कारण फार आढळते. तळाचा बूच उघडून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढावे. पाणी असेल तर खाली निराळे बसलेले दिसेल.

पांढरा धूर बिनवासाचा, हवेत लगेच विरणारा असेल तर ती वाफ आहे. पकडीत धरलेली थंड स्टीलची ताटली क्षणभर नळीसमोर धरावी. स्वच्छ पाण्याचे थेंब जमले तर थंडाव्याचे पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे, म्हणजे हेड गॅस्केट फुटले आहे किंवा हेडला चीर गेली आहे. याला दोन साक्षीदार आणखी आहेत. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर संशय नको. आणि इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार पाहावी. पंपाची सक्शन हवा ओढत नसूनही तिच्यात बुडबुडे येत असतील, धार उचक्या देत असेल, तर सिलिंडरातला वायू पाण्यात फुटतो आहे. अशा इंजिनाला जोराने हँडल मारू नये. पाणी दाबले जात नाही. ते पिस्टनवर साचले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. डिकॉम्प्रेशनचा खटका उघडून आधी हाताने सावकाश दोन फेरे फिरवून पाहावे.

पांढऱ्या धुराचे एक कारण आपल्या विहिरींवर विशेष आढळते, आणि मिस्त्री ते सहसा सांगत नाही. पाणी फुकट म्हणून आपण थंडाव्याची तोटी पूर्ण उघडी ठेवतो. जानेवारीतले विहिरीचे गार पाणी अखंड फिरत राहिले की इंजिन तापतच नाही, डिझेल अर्धवट जळते, उरलेले सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते आणि लायनर अकाली झिजतो. तोटी इतकीच उघडावी की बाहेर पडणारे पाणी हाताला जेमतेम सोसवेल.

समुद्रावर हाच पांढरा धूर निराळी गोष्ट सांगतो. २००९-१० साली नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. शिडाच्या नौकेलाही पोटात लहानसे डिझेल इंजिन असते, बंदरात शिरण्यासाठी आणि बॅटऱ्या भारण्यासाठी. आपल्या विहिरीवरच्या इंजिनाचेच ते भावंड. अशा नौकांत थंडाव्याचे खारे पाणी शेवटी धुरांड्यातच सोडलेले असते. त्याने धूर निवतो आणि रबराची नळी जळत नाही. तेव्हा नौकेच्या मागून पांढऱ्या वाफेचे लोट निघू लागले की खलाशी पाणी येण्याचा मार्ग तपासतो : शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली असेल, पाण्याच्या पंपाचे रबरी पाते तुटले असेल. विहिरीवर वाफ म्हणजे पाणी नको तेथे शिरले. नौकेवर पुष्कळदा ते हवे तेथे पोहोचत नाही. मुंबई-गोव्याकडे ज्यांच्या घरी मासेमारीच्या बोटी आहेत अशा वाचकांनी हा फरक ध्यानी ठेवावा. काळ्या आणि निळ्या धुराचा अर्थ मात्र दोन्हीकडे एकच.

निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. मिस्त्रीचा "बोअर गेला" हा निकाल खरा ठरतो तो बहुधा येथे. तरीही आधी दोन फुकटच्या गोष्टी पाहाव्या. तेल पट्टीवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तर ओतलेले नाही ना? आणि गाळणी तेलाच्या वाटीची असेल तर वाटी काठोकाठ भरलेली नाही ना? कामसू माणसाच्या हातून हे दोन्ही होते. तेल न ओतताच पातळी वाढत असेल तर त्यात डिझेल झिरपत आहे. असे पातळ झालेले तेल बेअरिंगे खाते, आणि क्वचित इंजिन स्वतःच्याच तेलावर बेफाम पळू लागते. मग डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरावी, हात किंवा चिंधी नव्हे, आणि फ्लायव्हीलच्या रेषेतून दूर उभे राहावे.

हे काही नसेल तर हाताने दाब पाहावा. इंजिन बंद असताना, डिझेल तोडून, खटका खाली ठेवून फ्लायव्हील हळूच फिरवावे. चांगल्या इंजिनात ते दाबावर येऊन स्प्रिंगसारखे मागे उसळते. उसळले नाही आणि फुसकारा ऐकू आला तर कान द्यावा. फुसकारा गाळणीतून आला तर आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह बसत नाही. धुरांड्यातून आला तर धुराचा व्हॉल्व्ह. दोन्ही व्हॉल्व्ह घासून बसविता येतात. फुसकारा खालच्या ब्रीदरमधून आला, तेल वारंवार घालावे लागत असेल आणि धूर निळा असेल, तर रिंगा आणि लायनर गेले. मग मिस्त्री बरोबर आहे आणि त्याच्याशी वाद घालू नये.

त्याच्याविषयी एक शब्द. तो आपल्याला फसवितोच असे नाही. हंगामात त्याच्यापाशी वीस इंजिने असतात, आणि पूर्ण इंजिन उघडले की कोणता ना कोणता दोष त्यात निघून जातोच. त्याचा वेळ वाचतो, पैसा आपला जातो. त्याला "धूर येतो" असे न सांगता "तापल्यावर काळा धूर येतो, पट्टा उतरविला की थांबतो" असे सांगितले, तर तोही निराळ्या नजरेने पाहतो.

तेव्हा ताई, हा अंक आपल्या हाती पडेल तोवर संक्रांत जवळ आलेली असेल. एक सकाळ इंजिनासाठी काढावी. धुरांड्याच्या नळीत सळई घालून पाहावी, टाकीच्या तळाचे पाणी काढावे, गाळणी डिझेलने धुऊन वाळवून बसवावी, तेलाची पट्टी पाहावी, मग इंजिन सुरू करून पंधरा मिनिटे तापू द्यावे आणि पट्टा चढवून व उतरवून रंग पाहावा. आठ महिने उभे असलेले इंजिन या एवढ्यावरच शुद्धीवर येण्याचा संभव पुष्कळ आहे. रंग निळाच असेल आणि फ्लायव्हील उसळत नसेल तर या बहाराला शेजारचे इंजिन भाड्याने घ्यावे आणि लायनरचे काम पावसाळ्यात, मिस्त्री मोकळा असताना, करून घ्यावे. भंगारात देऊ नये. आणि रात्रपाळीच्या माणसासाठी इंजिनखोलीबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, शेकोटी आणि घोंगडी यांची सोय करावी. खोलीचे दार काढून ठेवले तर अधिक बरे. आम्ही आमचे काढले, ते पुन्हा बसविले नाही.

फूटव्हॉल्व्ह पाणी धरीत नाही आणि दर वेळी पंप भरावा लागतो, अशी तक्रार बैतूल आणि बऱ्हाणपूर येथील दोन वाचकांनी केली आहे. त्याविषयी पुढील अंकी.